गोळी अडते, दाभण आरपार जाते

संरक्षक साधनांत वापरल्या जाणाऱ्या बळकट कृत्रिम धाग्यांविषयी आलेल्या प्रश्नांची ही उत्तरे. बऱ्याच पत्रांच्या मुळाशी 'सगळ्यात मजबूत धागा कोणता?' हीच विचारणा दिसली. तिचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ताण सोसणे, पात्याने न कापले जाणे, आगीत न वितळणे आणि झटका पचवणे हे चार निराळे गुण आहेत, आणि चारही अंगी असलेला धागा अजून कोणी बनवलेला नाही.

प्रश्न : केवलर पोलादाच्या पाचपट मजबूत असते, असे सगळीकडे वाचायला मिळते. हे खरे आहे का?

वजनाच्या मापाने खरे, जाडीच्या मापाने नाही. केवलर, ट्वारॉन ही पॅरा-अरामिड धाग्याची व्यापारी नावे. या धाग्याची ताणशक्ती साधारण ३ ते ३.६ गिगापास्कल असते. उत्तम प्रतीची बारीक पोलादी तारही २ ते ३ गिगापास्कलपर्यंत जाते. म्हणजे सारख्या जाडीची तार आणि धागा शेजारी शेजारी ओढून पाहिले, तर फरक फारसा मोठा नाही. पण पोलादाची घनता ७.८५ आणि अरामिडची १.४४. भागाकार करून पाहा, उत्तर साडेपाचच्या आसपास येते. तो प्रसिद्ध 'पाचपट' मुख्यतः इथून आलेला आहे.

हा फरक डोळ्यांपुढे आणायचा, तर धागा उभा टांगला असता किती लांबीला स्वतःच्याच वजनाने तुटेल, ते पाहावे. पोलादी तार २५ ते ४० किलोमीटरला तुटेल. पॅरा-अरामिड २०० किलोमीटरच्या पुढे जाईल. डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी मिळणारा पॉलिएथिलीनचा धागा तर साडेतीनशेच्या घरात पोहोचेल. अंगावर घालायच्या वस्तूत वजनच महत्त्वाचे असते, म्हणून तिथे हे धागे पोलादाला हरवतात.

हे बळ येते रेणूंच्या मांडणीतून. साध्या नायलॉनचे लांब रेणू गुंतलेल्या सुतासारखे असतात. पॅरा-अरामिडचे रेणू काठीसारखे ताठ असतात आणि तीव्र गंधकाम्लात विरघळले की नदीत सोडलेल्या ओंडक्यांसारखे आपोआप एका दिशेला वळतात. तसेच बारीक भोकांतून ओढून घेतले की धाग्यातही ती शिस्त टिकते. १९६५ मध्ये ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती अशा प्रकारचे द्रावण प्रथम आले, तेव्हा ते गढूळ आणि पाण्यासारखे पातळ दिसत होते. भोके बुजतील या भीतीने धागा ओढण्याचे यंत्र चालवणारा सहकारी आधी तयारच होईना. तो गढूळपणा म्हणजे रांगेत लागलेले रेणूच होते.

मात्र याच शिस्तीमुळे धाग्यात एक उणीव राहते. पॅरा-अरामिड ओढायला बळकट, पण दाबायला आणि मोडायला नाजूक. घडी पडली की तंतूत आतून सुरकुती बसते. लहान कप्पीवरून सारखा फिरणारा अरामिडचा दोर बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून झिजत जातो. त्यातच अतिनील किरणांनी तो कमकुवत होतो आणि क्लोरीनच्या ब्लीचने खराब होतो. अंगावरच्या चिलखताच्या घडीपासून धुण्यापर्यंतचे बहुतेक नियम या तीन दोषांतून निघालेले आहेत.

प्रश्न : पिस्तुलाची गोळी अडवणारे जॅकेट दाभणाने किंवा बर्फ फोडायच्या टोच्याने भोसकले जाते, हे कसे?

गोळी आणि टोच्या कापडाशी अगदी वेगळ्या रीतीने वागतात. पिस्तुलाची गोळी बोथट असते, शिसे मऊ असते. पहिल्या काही थरांवर आपटताच ती फुलते आणि तिचे तोंड रुंद होते. त्या रुंद तोंडाखाली एकाच वेळी अनेक धागे येतात, आणि ओढल्याची वर्दी धाग्यातून सेकंदाला काही हजार मीटर वेगाने बाजूला पळते. पॅरा-अरामिडच्या जातीनुसार हा वेग सुमारे ७ ते ९ हजार मीटर निघतो, पॉलिएथिलीनमध्ये तर १० हजारांच्या आसपास. साध्या नायलॉनमध्ये तो २ हजारांच्या आगेमागे असतो. म्हणजे गोळी मिलिमीटरभर आत घुसेपर्यंत धाग्याचा पुष्कळ लांब भाग ताणात आलेला असतो आणि ऊर्जा तेवढ्या भागावर वाटली जाते. असे २० ते ३० थर एकामागे एक असले की गोळी थांबते.

टोच्या फुलत नाही. त्याचे टोक दोन धाग्यांच्या मध्ये शिरते आणि पाचर मारल्यासारखे त्यांना बाजूला सारते. धागा तुटतच नाही, तो फक्त सरकतो. न तुटणाऱ्या धाग्याची ताकद इथे वापरलीच जात नाही. सुरीचे प्रकरण आणखी निराळे. ती धारेने एकेक धागा कापत जाते, मागे हाताचा दाब कायम असतो.

म्हणून भोसकण्यापासून वाचवणारे जॅकेट वेगळे बनवतात. वीण इतकी घट्ट की धागे सरकायला जागाच नाही, किंवा कापडावर राळेचा लेप, किंवा मध्ये धातूच्या बारीक कड्यांची जाळी. अमेरिकेच्या एनआयजे संस्थेच्या ०११५.०० या मानकात त्याच्या तीन पातळ्या आहेत : २४, ३३ आणि ४३ ज्यूल. त्या ऊर्जेने मारलेले पाते किंवा टोच्या पलीकडे ७ मिलिमीटरहून अधिक डोकावता कामा नये. पाते आणि टोच्या यांच्या चाचण्याही स्वतंत्र आहेत. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नसेल, तर जे लिहिलेले नाही ते मिळणार नाही असे समजावे. गोळी आणि सुरी दोन्ही अडवणारी जॅकेटे असतात. ती जाड आणि ताठ होतात, दिवसभर घालणाऱ्याला ते जाणवते.

रायफलची गोळी हा तिसरा विषय. ८ ग्रॅमची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ४०० मीटरने आली तर तिची ऊर्जा ६४० ज्यूल. साडेनऊ ग्रॅमची रायफलची गोळी ८५० मीटरने आली तर ३४०० ज्यूल, आणि तीही टोकदार. निव्वळ मऊ कापड इथे पुरत नाही. पुढे कडक पाटी लागते. अनेकदा ती ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकची असते, मागे पॉलिएथिलीनचे किंवा अरामिडचे दाबलेले थर. सिरॅमिक गोळीचे टोक फोडते आणि त्यात स्वतःही फुटते, मागचे थर तुकडे झेलतात. हातातून पडलेली सिरॅमिक पाटी बाहेरच्या कव्हरात नीट दिसते, आत तडा असू शकतो. म्हणून पडलेली पाटी तपासून घेतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. तडा पक्का कळायला क्ष-किरण लागतो.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गोळी अडली म्हणजे मार बसला नाही असे नव्हे. चाचणीत जॅकेटमागे मातीचा ठोकळा ठेवतात, आणि त्यात पडणारा खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असता कामा नये, अशी एनआयजेची अट आहे. साडेचार सेंटिमीटरचा खड्डा छातीत पडण्याची कल्पना करा. जॅकेट अंगाला नीट बसलेले असावे हा आग्रह त्यामुळेच आहे. पुढच्या पॅनेलची, म्हणजे कव्हराच्या आतल्या संरक्षक थरांच्या संचाची, वरची कड गळ्याखालच्या खळीजवळ यावी. खालची कड खुर्चीवर बसल्यावर पट्ट्यावर टेकून जॅकेट वर सरकणार नाही, इतकीच असावी. दोन्ही कुशींना पुढचे-मागचे पॅनेल एकमेकांवर चढलेले उत्तम. ढगळ जॅकेटात कुशीची फट उघडी राहते.

प्रश्न : पाच वर्षे झाली म्हणून जॅकेट बदलायला सांगतात. न वापरताच पडून असलेले जॅकेटही खराब होते का?

वापरलेले नक्की होते. न वापरलेले कसे ठेवले त्यावर आहे. पाच वर्षे ही बहुतेक उत्पादकांची हमीची मुदत. पाच वर्षे आणि एक दिवस झाला की कापड कोसळते असे नाही, पण त्यानंतर आतली स्थिती काय याची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि गोळी झाडून पाहिल्याशिवाय ती कळायला मार्ग नाही. झाडून पाहिलेले जॅकेट वापरायला उरत नाही.

हा नियम किती गांभीर्याने घ्यावा, ते झायलॉनच्या प्रकरणातून कळते. झायलॉन म्हणजे पीबीओ जातीचा धागा, ताणशक्ती ५.८ गिगापास्कल, जवळजवळ अरामिडच्या दुप्पट. त्याची हलकी जॅकेटे आली, लोकप्रिय झाली. २००३ मध्ये अमेरिकेत एका पोलिस अधिकाऱ्याच्या जॅकेटातून गोळी आरपार गेली आणि तो जखमी झाला. ते जॅकेट फार जुने नव्हते. तपासणीत दिसले की दमटपणा आणि प्रकाश यांनी या धाग्याच्या रेणूतली कडी मोडते. घामाने ओले होणाऱ्या वस्तूसाठी याहून वाईट खोड कोणती? २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. कारखान्यातून निघालेल्या दिवशीचा आकडा खोटा नव्हता. तो त्या दिवसापुरता होता.

अरामिडलाही पाणी चालत नाही, मात्र कारण वेगळे. ओल्या धाग्यांमधले घर्षण कमी होते, ते गोळीसमोरून सहज सरकतात आणि जॅकेटाची ताकद उतरते. वाळले की पुष्कळशी परत येते. म्हणून पॅनेल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सीलबंद असते. ही पिशवी कुठे उसवली, फाटली, कड सुटली, तर आतले कापड बरे दिसले तरी पॅनेल उत्पादकाकडे दाखवावे. चिकटपट्टी लावून काम भागवू नये.

देखभाल अशी. बाहेरचे कव्हर काढून लेबलप्रमाणे धुवावे. पॅनेल कधीही पाण्यात बुडवू नये, यंत्रात टाकू नये, इस्त्री करू नये; ओलसर फडके फिरवून सावलीत सपाट वाळवावे. ठेवतानाही सपाट. खुंटीला किंवा साध्या हँगरला टांगल्यास खांद्याजवळ घडी पडते आणि आतले थर एका बाजूला ओघळून गोळा होतात. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पॉलिएथिलीनच्या पॅनेलला हा नियम दुप्पट लागू, कारण हा धागा १४५ ते १५० अंशांना वितळत असला तरी त्याच्या खूप आधीच ढिला पडू लागतो. आणि दर महिन्याला पॅनेल कव्हरबाहेर काढून हात फिरवून पाहावा. गोळा झालेला भाग, कडेला वळलेला कोपरा, कायमची घडी यांपैकी काही हाताला लागले तर मुदतीची वाट पाहू नये.

प्रश्न : पत्रा कापण्याच्या कामासाठी हातमोजे घ्यायचे आहेत. त्यावर '४एक्स४३डी' असे छापलेले असते. ते कसे वाचायचे?

हा ईएन ३८८ या युरोपीय मानकाचा शिक्का. डावीकडून वाचत जावे. पहिला ४ म्हणजे घासणे : ८००० फेऱ्या टिकला. दुसऱ्या जागी फिरत्या गोल पात्याची चाचणी असते आणि तिथे 'एक्स' आहे, म्हणजे ती चाचणी केली नाही किंवा लागू पडत नाही. तिसरा ४ फाटण्याचा : ७५ न्यूटन किंवा जास्त. चौथा ३ टोचण्याचा : १०० न्यूटन. शेवटचे अक्षर सरळ पात्याच्या चाचणीचे. ए ला २ न्यूटन, बी ५, सी १०, डी १५, ई २२ आणि एफ ३०. त्यामागे 'पी' असेल तर आघातापासून संरक्षणही तपासलेले आहे.

'एक्स' पाहून घाबरू नये. ज्या कापडात काचेचे किंवा पोलादाचे तंतू मिसळलेले असतात, त्यावर ते गोल पाते स्वतःच बोथट होते आणि आकडा फुगतो. म्हणून पुढे सरळ पात्याची चाचणी आणली. पत्र्याच्या कामाला नजर त्या अक्षरावर ठेवावी. तेलकट, धारदार कडांच्या पत्र्यासाठी डी च्या खाली जाऊ नये असे आमचे मत आहे, आणि पत्रा उचलून ओढायचा असेल तर ई किंवा एफ बघावा. पण एफ हातमोजे जाड असतात. बोटांना स्क्रू कळेनासा झाला की माणूस मोजे काढून ठेवतो, आणि खिशातल्या मोज्याची श्रेणी शून्य.

'टोचणे ३' वाचून इंजेक्शनच्या सुईपासून बचाव होईल असे समजू नये. त्या चाचणीतला खिळा ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो. बारीक सुई विणीतल्या फटीतून निघून जाते. टोच्याचा जो मुद्दा वर आला तोच हा. शिवाय आघाताची सोडून या सगळ्या चाचण्या तळव्याच्या कापडावर होतात. मोज्याची पाठ नुसती जाळीदार असेल तर तिथे हे आकडे लागू नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ड्रिल, लेथ, फिरती करवत, रोलर यांच्याजवळ हे मोजे घालू नयेत. साधा सुती मोजा अडकला तर निदान फाटण्याची शक्यता असते. अरामिड किंवा पॉलिएथिलीनचा मोजा फाटत नाही, तो हात घेऊन आत जातो. इथे धाग्याची ताकदच शत्रू होते.

धुताना लेबल पाहावे. साधारणपणे कोमट पाणी, सौम्य साबण. अरामिडला क्लोरीनचे ब्लीच नको, पॉलिएथिलीनला गरम ड्रायर नको. गरम वस्तू उचलायची असेल तर पॉलिएथिलीनचे मोजे घेऊच नयेत. तिथे ईएन ४०७ चा उष्णतेचा शिक्का असलेले अरामिडचे.

प्रश्न : मोटरसायकलसाठी 'केवलर लावलेली' जीन्स घेतली तर चामड्याची पँट लागणार नाही ना?

'केवलर लावलेली' या दोन शब्दांत काहीच कळत नाही. कुठे लावली आहे ते पाहा. पँट उलटी करा. अस्तर फक्त गुडघा आणि बसण्याच्या जागेवर ठिगळासारखे आहे, की कमरेपासून नडगीपर्यंत सलग? माणूस रस्त्यावर घसरतो तेव्हा ठरल्या जागीच टेकत नाही, नितंबाची बाजू आणि मांडीचा बाहेरचा भागही घासतो. ठिगळाची कड जिथे संपते तिथे साधे डेनिम सुरू होते.

मग शिवणी पाहा. कापड टिकते आणि शिवण उसवते, हा ठरलेला प्रकार. मांडीच्या बाहेरच्या शिवणीला दोन-तीन ओळी टाके आहेत का, ते बघावे. साध्या धाग्याची एकच शिवण पहिल्या घासण्यात जाते.

लेबलवर ईएन १७०९२ ची श्रेणी शोधा : एएए, एए आणि ए. एएए सगळ्यात वरची, एए रोजच्या वापराला चांगली, ए शहरातल्या हळू फिरण्यापुरती. श्रेणीच नसेल तर अरामिडची टक्केवारी कितीही मोठी लिहिलेली असली तरी ती जाहिरात समजावी.

शेवटी, धागा घासणे अडवतो, धक्का अडवत नाही. गुडघा डांबरावर आपटला तर हाड वाचवायला गादीच लागते. तिचे मानक ईएन १६२१-१. ५० ज्यूलचा आघात केल्यावर पलीकडे पोहोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीत ३५ किलोन्यूटनच्या आत, दुसऱ्या पातळीत २० च्या आत. दुसरी घ्यावी. आणि पँट उभ्याने नव्हे, गाडीवर बसून घालून पाहावी, कारण गुडघा वाकल्यावर गादी वर सरकते. चामड्याचे म्हणाल, तर एएए श्रेणीची कापडी पँट घासण्यात चामड्याच्या जवळ येते. शर्यतीच्या वेगाला चामडेच बरे.

प्रश्न : चेनसॉची, म्हणजे यंत्रकरवतीची, साखळी लाकूड चिरते, मग ती चालवणाऱ्याची संरक्षक पँट कशी चिरत नाही?

चिरते की! वरचे कापड क्षणात फाटते. आत लांब तंतूंचे सैल थर असतात. साखळीचे दात ते ओढून बाहेर काढतात, तंतू साखळीबरोबर गोल फिरून तिला चालवणाऱ्या दातेरी चाकात गुंडाळले जातात आणि यंत्र अडकून थांबते. म्हणजे ही पँट ढाल नाही, जाळे आहे. तंतू सैल असणे आवश्यक. म्हणून हे थर मधून शिवून घट्ट करू नयेत, खिसा लावण्यासाठी सुईसुद्धा घालू नये, आणि लांबी कमी करायची तर संरक्षक थराला हात न लावता.

आयएसओ ११३९३ मानकात साखळीच्या वेगावर श्रेणी ठरते : शून्यला सेकंदाला १६ मीटर, पहिलीला २०, दुसरीला २४, तिसरीला २८. स्वतःच्या यंत्राचा साखळीचा वेग माहितीपत्रकात पाहून जोडी लावावी. रचनाही पाहावी. ए प्रकारात फक्त पुढचा भाग झाकलेला असतो, सी प्रकारात पाय सर्व बाजूंनी. विजेवर चालणाऱ्या काही यंत्रांचा फिरवण्याचा जोर गुंता झाल्यावरही टिकतो, त्यामुळे पँट असूनही इजा होऊ शकते. साखळीने एकदा संरक्षक थर ओढला की पँट टाकून द्यावी. तेल आणि भुशाने चिकटलेले तंतू सुटून येत नाहीत, म्हणून ती वेळोवेळी धुवावी, पण ब्लीच आणि तापलेला ड्रायर टाळून.

प्रश्न : उंचावर काम करताना पडू नये म्हणून वापरायचा दोर डायनिमाचा घेतला तर चालेल का? तो सर्वांत बळकट असल्याचे ऐकले.

झटका झेलायला नाही. या धाग्याचे ताणणे तुटेपर्यंत जेमतेम ३ ते ४ टक्के, नायलॉनचे २० टक्क्यांच्या आसपास. हिशेब करून पाहू. ८० किलोचा माणूस १ मीटर पडला आणि दोराने त्याला ५ सेंटिमीटरांत थांबवले, तर सरासरी बल सुमारे १७ किलोन्यूटन होते. ३० सेंटिमीटरांत थांबवले तर साडेतीन. प्रत्यक्षातला कमाल झटका याहूनही मोठा. ईएन ३५५ च्या झटका शोषकाने बल ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायचे असते. १७ किलोन्यूटन डायनिमाचा दोर कदाचित सोसेल. बरगड्या, कणा आणि आधाराचा खिळा सोसणार नाहीत.

हा धागा बर्फासारखा निसरडा असतो, त्यामुळे साध्या गाठी सरकतात. गाठ मारली की ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. बारीक दोरी जोडायचीच असेल तर तिहेरी मच्छीमार गाठ मारावी, आणि शेपटी लांब सोडावी. उत्तम म्हणजे कारखान्यात शिवलेला गोल पट्टा. दोन दोर एकमेकांवर घासतील अशी मांडणी तर टाळावीच, घर्षणाने १५० अंश गाठायला वेळ लागत नाही. वेल्डिंगच्या ठिणगीने हा धागा वितळून भोक पडते. तिथे अरामिडचा पट्टा आणि झटका शोषक ही जोडी.

मग डायनिमा कुठे? जिथे दोर सतत ताणात असतो आणि पडण्याचा प्रश्न नाही : ओढणे, बांधणे, जहाजाचे दोर. पाण्यावर तरंगतो, पाणी शोषत नाही, वजनाला नगण्य.

प्रश्न : अग्निशमन दलाच्या पोशाखात केवलर असते का?

असते, पण अनेकदा थोडे. अशा पोशाखात मुख्य धागा नोमेक्स, म्हणजे मेटा-अरामिड. तो पॅराइतका बळकट नाही, पण ज्योतीत वितळून ठिबकत नाही. काळवंडतो, थोडा फुगतो आणि त्वचेपुढे अडसर उभा करतो. एक प्रचलित मिश्रण ९३ टक्के मेटा, ५ टक्के पॅरा आणि २ टक्के स्थिर वीज घालवणारा तंतू असे आहे. ते ५ टक्के कापड आगीत आक्रसून फाटू नये म्हणून.

पोशाख तीन थरांचा : बाहेरचे अरामिड, मध्ये पाणी अडवणारा पडदा, आत उष्णता अडवणारे अस्तर. तिन्ही मिळूनच काम करतात. आतले अस्तर काढून हलक्या पोशाखात आत शिरणे म्हणजे पोशाखच न घालणे. आत नायलॉनचा बनियन नको, तो वितळून चिकटतो. सुती किंवा अरामिडचा घालावा. घामाने भिजलेले अस्तर तापले की वाफेने भाजते, हे आत राहून काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. काजळीत तेलकट द्रव्ये असतात आणि ती पेटतात, शिवाय त्वचेतून अंगात जातात. म्हणून मळका पोशाख मिरवण्याची चाल चुकीची. थर सुटे करून, उलटा करून, ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात, क्लोरीनशिवाय धुवावा, सावलीत वाळवावा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १८५१ मानकाप्रमाणे बनवल्यापासून १० वर्षांनी तो कामातून काढायचा असतो, एकदाही आग पाहिली नसली तरी.

प्रश्न : अरामिडचे कापड घरच्या कातरीने कापता येत नाही, काय करावे?

एका पात्याला बारीक दाते असलेली अरामिडची कातर मिळते, ती घ्यावी आणि दुसऱ्या कशालाही वापरू नये. साध्या कातरीतून धागा निसटतो आणि कड पिंजून निघते. कापायच्या रेषेवर आधी कागदी चिकटपट्टी लावावी, पट्टीच्या मधोमध कापावे, कड सुटत नाही. राळेत बसवलेले अरामिड कानशीने घासू नये, नुसता लोकरीसारखा केस उभा राहतो. धारदार पात्याने सोलून काढावे, आणि धूळ उडत असेल तर तोंडावर मास्क ठेवावा.